चुंबकीय क्षेत्राला प्रतिसाद देणारे आकारस्मृती मिश्रधातू : पार्श्वभूमी

वाकवलेली तार तापवली की पूर्वीच्या आकारात परत येते, हा निकेल-टायटॅनियम मिश्रधातूचा गुण अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेत विल्यम ब्यूलर आणि फ्रेडरिक वांग यांच्या कामातून १९६० च्या आसपास पुढे आला आणि हा मिश्रधातू, म्हणजे ‘निटिनॉल’, अॅक्चुएटरमध्ये (हालचाल घडवणाऱ्या उपकरणांमध्ये) वापरला जाऊ लागला. त्याचा जोर मोठा असला, तरी प्रत्येक हालचालीनंतर धातू थंड होण्याची वाट पाहावी लागे. चुंबकीय क्षेत्र क्षणात बदलता येते. पण लोखंडाची लांबी चुंबकनामुळे (त्यात चुंबकत्व आल्यामुळे) बदलते हे जेम्स जूल यांनी १८४० च्या दशकात दाखवले असले, तरी तो बदल अत्यल्प असतो, आणि त्यासाठी खास घडवलेल्या टर्फेनॉल-डी या मिश्रधातूतही तो सुमारे ०.२ टक्क्यांपुढे फारसा जात नाही.

निकेल, मँगनीज आणि गॅलियम यांच्या मिश्रधातूत चुंबकत्व आणि मार्टेन्साइटी रूपांतर (थंड होताना स्फटिकाची मूळ रचना बदलून ‘मार्टेन्साइट’ ही वेगळी रचना होणे) एकत्र नांदतात, हे वेबस्टर आणि सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये नोंदवले. या जोडीचा उपयोग मात्र १९९६ मध्ये कारी उल्लाक्को आणि सहकाऱ्यांनी दाखवला : शून्याखाली काही अंश तापमानाला, एक टेस्लाहून कमी क्षेत्रात, या मिश्रधातूच्या एकस्फटिकाची (एकाच सलग स्फटिकाच्या तुकड्याची) लांबी जवळपास ०.२ टक्के बदलली. आकडा टर्फेनॉलइतकाच होता, पण माझ्या मते खरे महत्त्व त्यामागच्या यंत्रणेचे आहे. मार्टेन्साइट अवस्थेत स्फटिकाचे वेगवेगळ्या दिशांना वळलेले भाग शेजारी शेजारी असतात आणि प्रत्येकात चुंबकनाला सोपी अशी एक ठरावीक दिशा असते. बाहेरून क्षेत्र लावले, की चुंबकन आपल्या सोप्या दिशेपासून वळण्याऐवजी दोन भागांमधली सीमाच सरकते, अनुकूल भाग वाढतो आणि संपूर्ण स्फटिकाचा आकार बदलतो. धातूची अवस्था मात्र बदलत नाही, म्हणून तापवण्या-थंडावण्याची गरजही उरत नाही. सीमा सहज सरकणारे स्फटिक तयार होऊ लागल्यावर २००० मध्ये ६ टक्के आणि २००२ मध्ये सुमारे ९.५ टक्के बदल नोंदवला गेला.

याच यंत्रणेत मर्यादाही दडलेली आहे. चुंबकनाला सोप्या दिशेपासून पूर्ण वळवण्यासाठी जेवढी ऊर्जा लागते, तेवढीच सीमा ढकलण्यासाठी उपलब्ध असते. त्यामुळे क्षेत्र कितीही वाढवले तरी ताण (ठरावीक क्षेत्रफळावर मिळणारा जोर) दोन-तीन मेगापास्कलांच्या आसपास अडतो, तर निटिनॉल शेकडो मेगापास्कल देते. शिवाय क्षेत्र काढल्यावर स्फटिक आपोआप परतत नाही. त्यासाठी स्प्रिंग किंवा काटकोनातले दुसरे क्षेत्र लागते.

जोर वाढवण्याची दुसरी वाट २००६ मध्ये जपानच्या तोहोकू विद्यापीठातील काइनुमा यांच्या गटाने उघडली. निकेल, कोबाल्ट, मँगनीज आणि इंडियमच्या मिश्रधातूत मार्टेन्साइटचे चुंबकत्व दुबळे आणि मूळ अवस्थेचे प्रबळ असते, त्यामुळे इथे क्षेत्र अवस्थाच उलटवते आणि दाबून आखूड केलेला तुकडा पुन्हा लांब होतो. त्यातून मिळू शकणारा ताण कितीतरी अधिक आहे. पण त्यासाठी अनेक टेस्लांचे क्षेत्र लागते आणि ते छोट्या अॅक्चुएटरच्या गुंडाळीतून मिळत नाही.