हार्ट फेल्युअरच्या उपचारांसाठी शासकीय मदत: पात्रता, कागदपत्रे, अर्ज

हार्ट फेल्युअरमध्ये हृदयाची रक्त पुढे ढकलण्याची ताकद कमी होते. महिनाअखेरीस पैसे संपले की शरीरात साठलेले पाणी कमी करणारी गोळी सुटते, पायांवर सूज चढते, धाप लागते आणि रुग्ण पुन्हा भरती होतो. म्हणून भरतीचा खर्च आणि रोजच्या गोळ्यांचा खर्च, दोन्हींची सोय वेगवेगळी लावावी लागते.

भरतीसाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. आता पिवळ्या, केशरी आणि पांढऱ्याही रेशनकार्डावर कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. अंगीकृत (योजनेत सामील) रुग्णालयात आरोग्यमित्राच्या, म्हणजे योजनेच्या मदतनिसाच्या टेबलावर रेशनकार्ड, रुग्णाचे आधार, इको (हृदयाची सोनोग्राफी) आणि ईसीजीचे रिपोर्ट द्या. नोंदणी झाल्यावर रुग्णालय उपचारांची पूर्वमंजुरी मागवते. माहितीसाठी 155388 वर फोन करा.

अडचण बहुधा नावाची असते. रेशनकार्डात नवीन सुनेचे नावच नसते, किंवा आधारवर आडनाव वेगळे असते. रुग्ण बरा असतानाच पुरवठा कार्यालयातून दुरुस्ती करून घ्या. आणि भरती होतानाच योजनेचे नाव सांगा; ही योजना कॅशलेस आहे, आधी बिल भरून नंतर पैसे परत मिळतील या भरवशावर राहू नका.

रुग्णालय योजनेत नसेल पण धर्मादाय (ट्रस्टचे) असेल, तर तिथल्या 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखीव असतात. वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अनुक्रमे 1,80,000 आणि 3,60,000 रुपये. अर्ज रुग्णालयातल्या समाजसेवा अधीक्षकांकडे करायचा, सोबत तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला किंवा पिवळे रेशनकार्ड. तातडीच्या रुग्णाकडून अनामत रक्कम मागता येत नाही, हे ठामपणे सांगा. नकार मिळाला तर तो लेखी मागा आणि धर्मादाय आयुक्त कार्यालयात तक्रार द्या.

दाखला महा ई-सेवा केंद्रातून किंवा 'आपले सरकार' पोर्टलवरून काढता येतो. तलाठ्याचा उत्पन्न अहवाल, स्वघोषणापत्र, आधार, रेशनकार्ड लागते. रोजंदारीवर काम करणाऱ्यांकडे पगाराची पावती नसते, त्यांच्यासाठी तलाठ्याचा अहवालच महत्त्वाचा. एका वर्षाचा दाखला 31 मार्चला संपतो, त्यामुळे एप्रिलमध्ये नवा काढून फाईलला लावा.

डिस्चार्जनंतर फुले योजनेतून औषधे 10 दिवसांपर्यंतच मिळतात. अकराव्या दिवसापासूनची सोय डिस्चार्जच्या आधीच करा: डॉक्टरांकडून औषधांची जेनेरिक नावे, म्हणजे कंपनीच्या ब्रँडऐवजी औषधाची मूळ नावे, लिहून घ्या. फ्युरोसेमाइड, स्पायरोनोलॅक्टोन, कार्व्हेडिलोल यांसारख्या गोळ्या जनऔषधी केंद्रात स्वस्त पडतात, आणि सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत काही मोफतही मिळतात. गोळी परवडत नसेल तर परस्पर बंद न करता डॉक्टरांना सांगा. स्वस्त पर्याय पुष्कळदा असतो.