एक आडनाव, सहा घरं

माझी भाची कर्वेनगरला राहते. मुठेच्या पाण्यावर तिला कॉलेजात मराठीतून सादरीकरण करायचं होतं. त्यासाठी तिने 'एक टाइप' या फाँट घडवणाऱ्या मुंबईच्या संस्थेचा 'मुक्ता' हा मोफत फाँट घेतला. त्यात बारीक २०० पासून भरदार ८०० पर्यंत सात जाड्या आहेत. तिने सातही फाइली बसवल्या, पण पॉवरपॉइंटच्या यादीत 'मुक्ता' वेगळा, 'मुक्ता लाइट' वेगळा, 'मुक्ता मीडियम' आणखी वेगळा. सात भावंडांची सहा घरं! शीर्षकाला तिने मीडियम लावून वर ठळक करणारं 'बी' बटण दाबलं, तर 'मुठा'मधल्या 'ठ'चं पोट बुजून गेलं. "मावशी, फाँटच खराब आहे का गं?"

फाँट अगदी चांगला आहे. गडबड आहे ती नावांची.

प्रत्येक फाँटच्या फाइलीत अक्षरांच्या आकृत्यांबरोबर नावांचा एक तक्ता असतो. त्यात पहिल्या क्रमांकावर कुटुंबाचं नाव आणि दुसऱ्यावर शैली. विंडोजच्या जुन्या पद्धतीत एका कुटुंबात चारच जागा धरल्या होत्या: साधा, ठळक, तिरपा आणि ठळक-तिरपा. 'बी' आणि 'आय' या दोन बटणांनी एवढ्याच जोड्या होतात. मग मीडियमला बसवायचं कुठे? त्याला पहिल्या क्रमांकावर 'मुक्ता मीडियम' असं स्वतंत्र घर द्यावं लागतं आणि त्या घरात तो एकटाच 'साधा' म्हणून राहतो. खरं आडनाव आणि खरी जाडी १६ आणि १७ क्रमांकांवर लिहिलेली असते. आरेखनाची सॉफ्टवेअर ते वाचतात, म्हणून तिथे सातही जण एका छताखाली दिसतात. विंडोजवरचं पॉवरपॉइंट मात्र जुन्या वळणाने चालतं.

नावाच्या लांबीलाही जुनं बंधन आहे, ३१ अक्षरांचं. 'नोटो सान्स देवनागरी' हे एका फाँटचं नावच रोमनमध्ये लिहिलं की २० जागा जातात. उरलेल्या ११ मध्ये रुंदी आणि जाडी दोन्ही कोंबायची, म्हणून नावं तुटक होतात. आणि फाँट करणाऱ्याने सगळ्या फाइलींत पहिली दोन नावं सारखीच ठेवली, तर संगणकाला त्या वेगळ्या ओळखता येत नाहीत. यादीत एखादीच दिसते.

आता त्या बुजलेल्या 'ठ'कडे येऊ. 'बी' दाबलं की प्रोग्रॅम त्याच घरातला ठळक भाऊ शोधतो. 'मुक्ता'च्या घरात तो आहे, मीडियमच्या घरात नाही. मग संगणक अक्षराची कड सरसकट फुगवून खोटा ठळकपणा तयार करतो. आरेखक अक्षर जाड करतो तेव्हा सांध्यांजवळ रेघ मुद्दाम बारीक ठेवतो, आतली पोकळी मोकळी राहील असं बघतो. संगणकाला यातलं काही कळत नाही. रोमन लिपी हे थोडंफार सोसते. आपल्याकडे शिरोरेषा, मात्रा आणि 'ष्ट्य'सारखी जोडाक्षरं एवढ्याशा जागेत दाटीने बसलेली असतात, त्यामुळे तिथे सरळ डाग पडतो. मराठी वाचणाऱ्यावर हा अन्याय आहे असं मला मनापासून वाटतं.

आणखी एक अडचण नेहमी भेटते. पॉवरपॉइंटच्या थीममध्ये फाँटसाठी तीन कप्पे असतात: रोमनसाठी, चिनी-जपानीसारख्या लिप्यांसाठी आणि देवनागरी, अरबी वगैरे जटिल लिप्यांसाठी. रोमनचा कप्पा बदलला, पण तिसऱ्यात विंडोजचा 'मंगल' हा देवनागरी फाँट तसाच राहिला, तर इंग्रजी शब्द बदलतात आणि मराठी जागचं हलत नाही. पुण्यातच घडलेल्या 'श्रीलिपी'सारख्या पद्धतींचे, युनिकोड ही सगळ्या लिप्यांची सामायिक संकेतपद्धत रुळण्याआधीचे फाँट रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी बसवायचे. प्रोग्रॅम त्यांना रोमनच समजे, म्हणून डीटीपीवाल्यांना हा त्रास झाला नाही.

२०१६ साली जाहीर झालेल्या व्हेरिएबल फाँटमध्ये सगळ्या जाड्या एकाच फाइलीत मावतात. पॉवरपॉइंटसाठी मात्र सुट्या फाइलीच घ्याव्यात. बसवताना 'सर्व वापरकर्त्यांसाठी' निवडावं आणि प्रोग्रॅम बंद करून पुन्हा उघडावा. सभागृहातल्या संगणकावर तो फाँट नसेलच असं धरून चालावं. परवानगी असलेले फाँट फाइलीत समाविष्ट करता येतात, नाहीतर पीडीएफ जवळ ठेवावी.

भाचीने यादीतून थेट 'मुक्ता एक्स्ट्राबोल्ड' निवडला आणि 'बी'ला हात लावला नाही. पडद्यावर 'मुठा' उमटलं, 'ठ'च्या पोटातली गोल पोकळी शेवटच्या बाकावरून दिसेल इतकी स्वच्छ.