सुधीर पटवर्धन यांची शहरचित्रे

मुंबई, ठाणे आणि उल्हासनगर या पट्ट्याच्या बदलत्या, झिजत्या रूपाची चित्रकार सुधीर पटवर्धन (जन्म १९४९, पुणे) यांनी पाच दशके सातत्याने केलेली चित्रे. ती मुख्यतः तैलरंगात आणि पुढे अ‍ॅक्रिलिकमध्ये आहेत. गिरण्या बंद पडल्या, टेकड्या फोडून वसाहती उभ्या राहिल्या, चाळींच्या डोक्यावर टॉवर आले. हा सगळा काळ या चित्रांत रोज त्याच रस्त्याने कामाला जाणाऱ्या माणसाच्या नजरेतून उतरला आहे.

पटवर्धन पेशाने डॉक्टर. पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयातून १९७२ मध्ये पदवी घेऊन ते पुढच्याच वर्षी मुंबईत आले आणि १९७५ ते २००५ अशी तीस वर्षे ठाण्यात क्ष-किरणतज्ज्ञ म्हणून काम करत राहिले. एक्स-रेची फिल्म उजेडासमोर धरली की कातडीखालची झीज आणि जुने सांधलेले हाड दिसते. त्यांची शहराकडे पाहण्याची रीतही तशीच आहे. पडकी भिंत त्यांना देखणी म्हणून खुणावत नाही. ती कशामुळे पडली आणि तिच्या आडोशाला आता कोण राहते, याकडे त्यांचे लक्ष असते.

सुरुवातीला चित्रात माणूसच मोठा होता. ‘इराणी रेस्टॉरंट’ (१९७७), ‘ट्रेन’ (१९८०), ‘ओव्हरब्रिज’ (१९८१) या चित्रांत कष्टकऱ्यांची जड, ठसठशीत शरीरे कॅनव्हास व्यापतात. डाव्या विचारांची ओढ आणि फ्रेंच चित्रकार सेझानचा अभ्यास, दोन्ही त्यामागे आहेत. भूपेन खख्खर, गुलाममोहम्मद शेख, नलिनी मलानी, विवान सुंदरम, जोगेन चौधरी या चित्रकारांसह ते १९८१ च्या ‘प्लेस फॉर पीपल’ या प्रदर्शनात सहभागी होते. मानवाकृती आणि भोवतालच्या जगण्याची गोष्ट या प्रदर्शनाने भारतीय चित्रकलेच्या मध्यभागी आणली.

पुढे ‘टाउन’ (१९८४) आणि ‘नाला’ (१९८५) पासून परिसराला जोर चढू लागतो. पोखरण हा ठाण्यातला डोंगराकडेचा भाग. तोही चित्राचा विषय झाला. उल्हासनगर मुळात दुसऱ्या महायुद्धातली लष्करी छावणी. फाळणीनंतर तिथे सिंधी निर्वासित आले आणि बराकींच्या आधाराने एक अख्खे शहर दाटीवाटीने वाढले. २००१ च्या ‘उल्हासनगर’ या चित्रात ते येते.

त्याच वर्षीचे ‘लोअर परळ’ मराठी प्रेक्षकाला सर्वांत जवळचे वाटावे. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले आणि त्यातले बहुतेक पुन्हा साच्यावर परतलेच नाहीत. पुढच्या दोन दशकांत गिरण्यांच्या जमिनीवर कार्यालये, मॉल आणि उंच इमारती आल्या. संध्याकाळी लोअर परळच्या पुलावरून जाताना आजही एका नजरेत तिन्ही दिसतात: खालची रेल्वे, चाळींची कौले, मागे काचेचा टॉवर. जुने पुरते गेलेले नाही आणि नवे पुरते उभे राहिलेले नाही, असा हा मधला काळ पटवर्धनांनी पकडला. अर्धवट बांधलेली इमारत आणि अर्धवट पाडलेली इमारत लांबून सारखीच दिसते. त्यांच्या शहरचित्रांतली अस्वस्थता बहुधा इथूनच येते.

या चित्रांची बांधणी नीट पाहावी अशी आहे. एकाच जागी उभे राहून दिसेल असे दृश्य त्यांत क्वचितच असते. रस्ता वरून दिसतो, त्यावरची माणसे समोरून, शेजारची गच्ची तिसऱ्याच कोनातून. चौदाव्या शतकात इटलीतल्या सिएना शहराच्या सभागृहात अम्ब्रोजो लोरेन्झेत्तीने रंगवलेल्या नगरचित्रांचा धडा त्यांनी मनापासून घेतला आहे. अनेक कोन एकत्र आल्यामुळे डोळा एका ठिकाणी ठरत नाही. गर्दीतून वाट काढावी तसा चित्रात फिरत राहतो.

‘मुंबई प्रॉव्हर्ब्स’ (२०१४) हे सात भागांचे चित्र शहराच्या इतिहासाचा मोठा पट मांडते. मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात २०१९-२० मध्ये त्यांच्या आजवरच्या कामाचे सिंहावलोकी प्रदर्शन नॅन्सी अदजानिया यांच्या संयोजनाखाली झाले.

ज्यांची शरीरे आणि वस्त्या आपण रंगवतो ते लोक आर्ट गॅलरीत येत नाहीत, ही खंत पटवर्धनांना कायम राहिली. २००८-०९ मध्ये त्यांनी ‘विस्तारणारी क्षितिजे’ हे समकालीन भारतीय कलेचे फिरते प्रदर्शन संयोजित केले आणि देशातल्या नामवंत चित्रकारांच्या मूळ कलाकृती मुंबईबाहेर, महाराष्ट्रातल्या इतर शहरांत नेल्या.