बझर्ड ओळखायचा तर रंग शेवटी पाहा

बझर्ड हा शिकारी पक्षी ओळखताना सगळ्यात जास्त फसवतो तो रंग. सामान्य बझर्डच घ्या. या एकाच जातीत गडद चॉकलेटी पक्षी असतात, छातीवर फिकट पट्टा असलेले असतात आणि जवळजवळ पांढरेही असतात. म्हणून आधी ठेवण, मग उड्डाण, मग पंखांची खालची बाजू आणि रंग अगदी शेवटी, हा क्रम मोडू नये.

ठेवण म्हणजे रुंद पंख, आखूड मान आणि पंख्यासारखी पसरणारी शेपटी. पंखांचा विस्तार साधारण 110 ते 135 सेंटिमीटर. पंखाच्या टोकाला बोटांसारखी सुटी दिसणारी पिसे मोजा: सामान्य बझर्डला पाच, मोठ्या गरुडांना सहा-सात. पक्षी किती मोठा आहे यावर मात्र भिस्त ठेवू नका. मोकळ्या आभाळात तुलनेला काहीच नसते.

घिरट्या घालताना समोरून पाहिले तर पंख उथळ द्रोणासारखे वर उचललेले दिसतात. सरळ तरंगत निघाला की तेच पंख बरेच सपाट होतात, आणि इथेच घाईने चूक होते. एक घिरटी पुरी होईपर्यंत दुर्बीण खाली घेऊ नका. पंख वाकतो त्या मनगटापाशी बहुधा गडद डाग असतो. प्रौढाच्या पंखांची मागची कड ठळक काळी असते, तरुण पक्ष्याची पुसट. तरुण पक्ष्याच्या छातीवर उभ्या रेघा असतात, प्रौढाच्या अंगावर आडव्या.

सर्वात अवघड गोंधळ मधुबाजाचा, म्हणजे मोहोळ घारीचा. तिचे डोके कबुतरासारखे लहान, मान पुढे आलेली, शेपटी लांब, आणि घिरट्या घालतानाही पंख सपाट. पौर्वात्य मधुबाजाला बोटे सहा असतात. जवळून चेहरा पाहिला की शंका उरत नाही: डोळा आणि चोच यांमध्ये खवल्यांसारखी घट्ट, बारीक पिसे आणि चिरेसारख्या नाकपुड्या. गांधीलमाश्यांची पोळी उकरून अळ्या खाणाऱ्या पक्ष्याला हे चिलखत लागतेच.

मजा अशी की इंग्रजी नावात बझर्ड आणि मराठी नावात घार असूनही हा पक्षी दोघांचाही जवळचा नातलग नाही. आपली नेहमीची घार आणि समुद्रगरुड हे बझर्डला मधुबाजापेक्षा कितीतरी जवळचे आहेत. उलट कापशी घार या सगळ्यांच्या कुळातून फार आधीच वेगळी झाली. सोनेरी गरुडाची शाखाही निराळी, त्यामुळे ‘गरुड’ या नावावरूनही नाते ठरत नाही. अमेरिकेत तर ब्युटिओ प्रजातीच्या, म्हणजे बझर्डच्याच गटातल्या पक्ष्यांना ‘हॉक’ म्हणतात आणि बोलीभाषेत ‘बझर्ड’ म्हणजे तिथले टर्की गिधाड.

ससाणे तर या कुळातलेच नाहीत. जनुकीय अभ्यासानुसार ते पोपट आणि गाणाऱ्या पक्ष्यांच्या अधिक जवळचे आहेत. शिकारीतही फरक दिसतो: बझर्ड नख्यांनी आवळून मारतो, तर ससाण्याच्या वरच्या चोचीला दातासारखे टोक असते आणि त्याने तो भक्ष्याची मान तोडतो.