पार्श्वभूमी : समुद्र तापतोय, पण नाशिकचा समुद्राशी काय संबंध?

पांडवलेण्यांतल्या दहाव्या लेण्यात उषवदाताचा शिलालेख आहे. हा नहपान क्षत्रपाचा, म्हणजे त्या काळच्या इथल्या शक राजाचा, जावई. सुमारे १९०० वर्षांपूर्वी आपण काय काय दान केलं, ते त्याने तिथे कोरून ठेवलं. त्यात पार, दमण, तापी, डहाणुका या नद्यांवर वाटसरूंना फुकट पैलतीरी नेणाऱ्या नावा आहेत, भडोच आणि सोपाऱ्याच्या धर्मशाळा आहेत, हजारो नारळीची झाडं आहेत. डोंगर घाटमाथ्यावरचा, पण यादीत जागोजागी किनारा.

एवढ्याने पटलं नाही तर त्र्यंबकला जावं. ब्रह्मगिरीवर उगम पावलेली गोदावरी पूर्वेला वळून बंगालच्या उपसागराला मिळते हे शाळेतलं पोरही सांगेल. त्याच डोंगररांगेतून निघालेली वैतरणा मात्र पश्चिमेला उतरते आणि अर्नाळ्यापाशी अरबी समुद्रात शिरते. अर्नाळ्याचे बोंबील वाळून कसारा घाट चढतात आणि नाशिकच्या आठवडे बाजारात सुकट-जवळ्याच्या ढिगाशेजारी येऊन बसतात. पावसाळ्याआधी घरोघरी त्यांची बेगमी होते. त्यामुळे समुद्र तापतोय ही बातमी आपल्यासाठी परगावची नाही.

मात्र ती कळायला फार वेळ लागला. हवेचं तापमान अंगणात बसून मोजता येतं, समुद्राचं नाही. १८७२ ते १८७६ या काळात ‘चॅलेंजर’ हे ब्रिटिश जहाज जगभर फिरलं. दोराला तापमापक बांधून तो खोल पाण्यात सोडायचा आणि वर ओढून आकडा लिहायचा, अशी पद्धत होती. हवामानबदल हा शब्दही तेव्हा कुणाच्या डोक्यात नव्हता, पण त्याच नोंदी पुढे समुद्र किती तापला हे ठरवायला कामी आल्या. १८९६ मध्ये स्वीडनचा शास्त्रज्ञ अऱ्हेनिअस याने हवेतला कार्बन डायऑक्साइड वाढला तर पृथ्वी किती तापेल याचं गणित मांडलं. तरीही कोळशाचा सगळा धूर समुद्र निमूटपणे पोटात घेईल, हा समज कित्येक वर्षं टिकला. त्याला १९५७ मध्ये रेव्हेल आणि स्यूस या अमेरिकेतल्या दोन शास्त्रज्ञांनी धक्का दिला. आपल्याकडे हिंदी महासागराची पहिली मोठी आंतरराष्ट्रीय मोहीम १९६० च्या आसपास सुरू झाली आणि तिच्यातूनच १९६६ मध्ये गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था उभी राहिली. एकविसाव्या शतकात ‘आर्गो’ तरंगकं आली. दोन किलोमीटर खोल बुडी मारून दर दहा दिवसांनी वर येणारी, उपग्रहाला आकडे कळवणारी अशी जवळपास ४,००० यंत्रं आज जगभरच्या समुद्रांत आहेत.

हरितगृह वायूंमुळे अडकलेल्या जादा उष्णतेपैकी ९० टक्क्यांहून अधिक समुद्रात गेली आहे. माणसाने सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडचाही साधारण चौथा हिस्सा त्यानेच घेतला. त्याने पाण्याची आम्लता वाढते. हा परिणाम द्राक्ष बागायतदाराला समजावून सांगावा लागत नाही, कारण मातीचा सामू (आम्लता दाखवणारा पीएच) तो दरवर्षी तपासतो. औद्योगिक क्रांतीपूर्वी समुद्राच्या वरच्या थराचा सामू सुमारे ८.२ होता, आता ८.१ आहे. फरक किरकोळ दिसतो, पण सामूची मोजपट्टीच अशी आहे की एवढ्या घसरणीत आम्लता २५ ते ३० टक्क्यांनी वाढते. शिंपले आणि प्रवाळ यांना कवच बांधणं त्याने जड जातं.

हिंदी महासागराची अडचण आणखी वेगळी. उत्तरेकडून आशिया खंडाने त्याला झाकण लावलंय, त्यामुळे उष्णतेला तिकडे वाट नाही. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये दाखवलं की पश्चिम हिंदी महासागराचं उन्हाळी तापमान शतकभरात सुमारे १.२ अंशांनी वाढलं. वरचा थर तापला की तो हलका होऊन तवंगासारखा तरंगत राहतो आणि तळाचं थंड, पोषक पाणी वर येत नाही. खत न मिळालेल्या शेतासारखीच गत. याच गटाच्या २०१६ च्या अभ्यासानुसार या भागातलं वनस्पती-प्लवक (पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पती) सहा दशकांत २० टक्क्यांपर्यंत घटलं. माशांचा घास तोच.

तारली हा मासा लहरी, हे जुने मच्छीमारही सांगत. पण कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या नोंदी लहरीपलीकडचं काही सांगतात. एकेकाळी प्रामुख्याने मलबारच्या पट्ट्यात सापडणारी तारली आणि बांगडा १९८० च्या दशकानंतर उत्तरेकडे सरकत गेले. केरळात २०१२ मध्ये सुमारे ४ लाख टन तारली मिळाली होती, २०२१ मध्ये जेमतेम ३,३०० टन. सगळं खापर हवामानावर फोडणं मात्र मला पटत नाही. बारीक आसाची जाळी, पर्ससीन (माशांच्या थव्याला वेढून तळाशी आवळायचं मोठं जाळं) आणि रात्री एलईडीच्या झोतात केलेली मासेमारी यांनीही समुद्र खरवडून काढलाय. २०२३ मध्ये पापलेटला राज्य मासा जाहीर केलं, त्यामागे पिल्लं मोठी होण्याआधीच जाळ्यात जातात हीसुद्धा काळजी होती.

आता पाऊस. हिंदी महासागराचा पश्चिम भाग पूर्वेपेक्षा जास्त तापला की त्याला द्विध्रुवाची, म्हणजे दोन टोकांच्या तापमानातल्या या झोक्याची, धन अवस्था म्हणतात. १९९९ मध्ये या घटनेला नाव मिळालं. २०१९ मध्ये ती फार तीव्र होती, आणि त्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात तापलेल्या पाण्यावर ‘क्यार’ व ‘महा’ ही दोन वादळं अरबी समुद्रात पाठोपाठ उठली. अवकाळीने निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागा झोडपल्या, कांदा शेतातच सडला आणि डिसेंबरात किरकोळ बाजारात त्याने किलोला शंभरी ओलांडली. त्याआधी डिसेंबर २०१७ मध्ये ‘ओखी’ने आणि नंतर जून २०२० मध्ये ‘निसर्ग’ने हेच बजावलं. अलिबागजवळ किनाऱ्याला लागलेल्या ‘निसर्ग’चा पाऊस नाशिकपर्यंत आला होता.

बोंबील वाळवताना दोघांचे जबडे एकमेकांत अडकवून ते बांबूवर जोडीने टांगतात. ऐन हंगामात सर आली की माल भिजतो, वास धरतो आणि खताच्या भावाने जातो. त्याच सरीने इकडे घडात पाणी साचून मणी तडकतात. ‘अरबी समुद्रात कमी दाबाचा पट्टा, मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये’ हा इशारा होड्यांसाठी असतो. तो मोबाइलवर आला की अर्नाळ्यात बोंबील उतरवायची घाई होते आणि निफाडमध्ये फवारणीचा ट्रॅक्टर निघतो.