हिब्रू लिपीतील इंग्रजी नावे

हिब्रूत इंग्रजी नाव लिहिताना स्पेलिंग बघत नाहीत, उच्चार ऐकतात. लिपी उजवीकडून डावीकडे जाणारी; अक्षरे 22, सगळी व्यंजनांची. स्वरांसाठी ‘निक्कुद’ ही चिन्हे आहेत, पण ती धर्मग्रंथांत, कवितेत नि मुलांच्या पुस्तकांत. एरवी ‘आलेफ’, ‘हे’, ‘वाव’ आणि ‘योद’ या चार अक्षरांवरच स्वरांचे भागवतात. त्यामुळे ‘जॉन’ हा मुलगा आणि ‘जून’ ही मुलगी कागदावर सारखेच दिसतात : गिमेल, वाव, नून. ‘जोन’ला मात्र वावनंतर एक आलेफ मिळतो.

यातला ज खरे तर उसना आहे. गिमेल म्हणजे ग. त्याच्या शेजारी वर ‘गेरेश’ ही बारीक रेघ दिली की ज होतो. त्सादीला ती दिली की च. मराठी माणसाला हे पटकन कळावे : ‘चाक’मधला च म्हणजे साधारण नुसती त्सादी, ‘चहा’मधला च म्हणजे गेरेश लावलेली. आपण दोन्ही एकाच अक्षरात उरकतो. जेरुसलेममधल्या रस्त्याला 1924 मध्ये राजा पंचम जॉर्जचे नाव दिले गेले. त्या ‘जॉर्ज’ला दोन गेरेश लागतात.

एका ध्वनीला दोन अक्षरे असतील तर ज्याचा उच्चार पक्का ते निवडतात. काफ कधी क, कधी ख. म्हणून क साठी कोफ. ट साठी तेत. ताव हे इंग्रजी ‘थ’च्या जागी येते, पण ‘एलिझाबेथ’ला इस्रायली माणूस ‘एलिझाबेत’च म्हणतो.

सगळ्यात गमतीचे नाव ‘फिलिप’. दोन्ही टोकांना पे हेच अक्षर. अस्सल हिब्रू शब्दाच्या आरंभी ते प असते आणि शेवटी, वेगळे अंत्यरूप घेऊन, फ. इथे नेमके उलटे. शेवटचा प फ वाचला जाऊ नये म्हणून त्याला अंत्यरूप देतच नाहीत.

बायबलमधून इंग्रजीत गेलेली नावे परतताना वेश बदलून येतात. देवदूत ‘मिखाएल’ काफ-आलेफ घेऊन गेला. ‘मायकल’ दोन योद आणि कोफ घेऊन येतो. देवदूत आणि पॉप गायक मायकल जॅक्सन यांची गल्लत होत नाही.

यिद्दिश ही पूर्व युरोपातल्या ज्यूंची भाषाही याच लिपीत लिहितात, पण तिथे गेरेश न वापरता ज साठी दालेत, झाइन, शिन अशी तीन अक्षरे जोडतात. ‘जॉर्ज’ तिथे आठ अक्षरी होतो.