नवे दृश्य ट्रेंड आणि सांगलीचा छापखाना : पार्श्वभूमी

डिसेंबर उजाडला की येत्या वर्षी कोणते रंग, कोणती अक्षरे आणि कोणत्या मांडणीची चलती राहील याच्या याद्या येऊ लागतात. पँटोन ही रंगमानके ठरवणारी कंपनी 2000 या वर्षापासून ‘वर्षाचा रंग’ जाहीर करते. 2024 साठी पीच फझ हा पीचच्या सालीसारखा फिकट रंग, 2025 साठी मोका मूस हा तपकिरी आणि 2026 साठी क्लाउड डान्सर हा जवळजवळ पांढरा रंग तिने निवडला. सांगलीतल्या डिझायनरच्या टेबलावर ही यादी पोहोचायला आता मिनिटही लागत नाही. त्या टेबलावरून ती छापखान्यात जाते तेव्हा तिचे काय होते, हा प्रश्न मात्र या भागात दोनशे वर्षांहून जुना आहे. इथे आलेला कोणताही ट्रेंड दोन चाळण्यांतून गेल्यावाचून टिकलेला नाही : एक देवनागरी अक्षराची आणि दुसरी हाताशी असलेल्या छपाईची.

सुरुवात मिरजेपासून करावी लागते. पेशवे दरबारातला इंग्रजांचा वकील (राजदूत) चार्ल्स मॅलेट याच्या प्रेरणेने पुण्यात नाना फडणविसांच्या काळात एका तांबटाकडून तांब्याच्या पत्र्यावर उलटी अक्षरे कोरून घेण्याचा प्रयत्न सुरू झाला होता. नानांच्या मृत्यूनंतर तो कारागीर मिरजेस आला आणि मिरजेचे संस्थानिक गंगाधरराव पटवर्धन यांच्या आश्रयाने 1805 मध्ये तिथे भगवद्गीता छापली गेली. त्या काळी युरोपात सुट्या खिळ्यांनी, म्हणजे एकेका अक्षराच्या धातूच्या ठशांनी, छपाई रुळून साडेतीनशे वर्षे झाली होती. मिरजेत मात्र अख्खे पान पत्र्यावर कोरण्याचा मार्ग पत्करला गेला, कारण वेलांट्या, उकार, जोडाक्षरे आणि शिरोरेषा यांचे सुटे खिळे पाडण्यापेक्षा पोथीचे पानच कोरणे तांबटाच्या हाताला जवळचे होते. बाहेरून आलेले तंत्र आपल्या अक्षराला मानवेल तेवढेच उचलण्याचा हा इथला पहिला दाखला.

सुट्या खिळ्यांचा प्रश्न पुढे मुंबईत सुटला. जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्याचे (1869) टाइप इतके रुळले की मराठी पुस्तक म्हणजे ते वळण असेच पिढ्यान्‌पिढ्या डोळ्यांना वाटत राहिले. गावोगावच्या ट्रेडल (छोट्या छपाईच्या) मशीनवर तेव्हा ट्रेंड म्हणजे फार तर नवी बॉर्डर, वेलबुट्टीचा तुकडा किंवा गणपतीचा नवा ब्लॉक एवढाच असे. प्रत्येक जादा रंगासाठी कागद पुन्हा एकदा मशीनवर चढवावा लागत असल्याने लग्नपत्रिका एका किंवा फार तर दोन रंगांत छापली जाई. आज ज्याला आपण ‘पारंपरिक’ म्हणतो ते रूप निम्मे श्रद्धेचे आणि निम्मे या हिशेबाचे आहे. अशा पत्रिकांचा आमच्याकडचा एक मोठा गठ्ठा ऑगस्ट 2019 च्या पुरात गेला, त्यामुळे नमुना दाखवायचा झाला तर आता कुणाच्या तरी माळ्यावरच शोधावा लागतो.

या भागात दृश्य मांडणीकडे धंद्याचे अंग म्हणून पाहण्याची दृष्टी खऱ्या अर्थाने किर्लोस्करवाडीने आणली. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 मध्ये औंध संस्थानच्या हद्दीत कारखाना उभारला. त्यासाठी जागा देणारे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते आणि त्यांनी जमवलेला कलासंग्रह सातारा जिल्ह्यातल्या औंध येथे आजही पाहता येतो. 1920 मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केले, त्यानंतर 1930 मध्ये ‘स्त्री’ आणि 1934 मध्ये ‘मनोहर’ निघाले. चित्रकलेचे शिक्षण घेतलेला माणूस संपादकाच्या खुर्चीत बसलेला असल्यामुळे मुखपृष्ठ, चित्र आणि मजकूर यांचा एकत्र विचार होत गेला. नांगर विकणाऱ्या कारखान्याच्या आवारातून महाराष्ट्राच्या घराघरांत नव्या वळणाची मासिके जात होती, ही गोष्ट सांगलीकरांना जितकी ठाऊक असायला हवी तितकी ती नाही, असे माझे मत आहे.

नाटकाची वाट निराळी होती. विष्णुदास भाव्यांनी 1843 मध्ये सांगलीत ‘सीता स्वयंवर’ रंगभूमीवर आणले आणि गावाला नाट्यपंढरी हे नाव चिकटले. नाटक आले की जाहिरात आली, आणि मराठीत अक्षरच चित्र होते हे सर्वसामान्य वाचकाला शिकवले ते नाटकांच्या जाहिरातींनी. अक्षरचित्रकार कमल शेडगे यांनी वर्तमानपत्रातील जाहिरातींसाठी काढलेली नाटकांची शीर्षके पाहिली की शिरोरेषा तुटते, वाकते, लोंबते आणि नाटकाचा स्वभाव सांगते, हे लक्षात येते. तीच समज गावच्या पेंटरच्या हातात होती. दुकानाची पाटी रंगवताना खडूची दोरी ताणून तो आधी शिरोरेषेची ओळ मारी आणि मग सपाट कुंचल्याने अक्षर त्या ओळीला खाली लटकवी. सावली नेहमी एकाच बाजूला. पाश्चात्त्य अक्षर तळरेषेवर उभे राहते आणि आपले अक्षर वरून लोंबते. हा फरक पेंटरला शिकवावा लागला नाही, संगणकाला मात्र शिकवावा लागला.

संगणकाने आणलेला बदल सर्वांत मोठा होता आणि त्याने आणलेली अडचणही तितकीच मोठी होती. चित्रे आणि मांडणी करण्याच्या सॉफ्टवेअरपैकी फोटोशॉप 1990 मध्ये आणि कोरलड्रॉ त्याच्या वर्षभर आधी बाजारात आले. पुढच्या काळात पाने जुळवणाऱ्या पेजमेकरवर आणि कोरलवर डीटीपीची (संगणकावर छपाईची पाने तयार करण्याची) दुकाने उभी राहिली आणि खिळे जुळवणारे कंपोझिटर कळफलकासमोर बसले. युनिकोड या, सर्व लिप्यांच्या अक्षरांना संगणकासाठी क्रमांक देणाऱ्या मानकाच्या 1991 च्या पहिल्याच आवृत्तीत देवनागरी होती, तरी डीटीपीच्या धंद्याला तिचा फार वर्षे उपयोग नव्हता, कारण ही सॉफ्टवेअर जोडाक्षरे घडवत नसत. त्यामुळे रोमन अक्षरांच्या जागी मराठी तुकडे बसवलेले फॉन्ट वापरले गेले. असा एक फॉन्ट बदलून दुसऱ्या कंपनीचा लावला की ‘शुभविवाह’च्या जागी निरर्थक चिन्हांची रांग उमटे. परिणामी ज्या संचात पहिल्यांदा काम केले त्याच संचात दुकान अडकून पडे आणि जगात अक्षरांचा कोणताही ट्रेंड आला तरी पत्रिकेवर तीच चार-पाच वळणे फिरत राहत. रुचीचा दोष म्हणून ज्यावर टीका झाली ती बहुतांशी एन्कोडिंगची (अक्षरांना संगणकात दिलेल्या सांकेतिक क्रमांकांची) कैद होती.

अक्षररचनाकार र. कृ. जोशी यांनी रेखाटलेला मंगल हा फॉन्ट विंडोज 2000 बरोबर आला आणि युनिकोड मराठी सर्वसामान्य संगणकावर दिसू लागली. कोरलड्रॉला मात्र जोडाक्षरांची खरी समज 2012 च्या एक्स-6 आवृत्तीत आली. त्यानंतर ‘एक टाइप’सारख्या भारतीय संस्थांनी बलू, मुक्त, मोदक असे खुले फॉन्ट दिले. त्यांपैकी मुक्त सात वजनांत, म्हणजे जाडीच्या सात पायऱ्यांत, मिळतो. एकाच मुखड्याची बारीक ते जाड अशी पूर्ण उतरंड हाती येणे ही मराठी डिझायनरसाठी किती नवी गोष्ट होती, हे रोमन लिपीत काम करणाऱ्याला सहसा कळत नाही.

दरम्यान फ्लेक्स आला. त्याने पेंटरचा रोजगार घेतला आणि वाढदिवसाच्या शुभेच्छांना दहा फूट रुंदी दिली. त्याबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे, म्हणून इथे थांबत नाही.

2013 मध्ये अॅपलने आयफोनच्या सातव्या प्रणालीत चमक, सावल्या आणि चामड्याचे भास काढून टाकले, आणि सपाट रंगांची लाट जगभर गेली. सांगलीच्या दृष्टीने ही लाट लाभाची ठरली. सपाट रंग स्क्रीन प्रिंटिंगला मानवतो, वर्तमानपत्राच्या कागदावर टिकतो आणि पिशवीवर स्वस्तात उतरतो. अडचण आली ती तिच्यासोबतच्या अक्षरांची. अक्षरांत मोकळे अंतर सोडण्याची तेव्हाची पद्धत जशीच्या तशी देवनागरीला लावली की शिरोरेषा तुकड्यातुकड्यांनी तुटते आणि शब्द शब्द राहत नाही. शीर्षकाच्या दोन ओळी एकमेकींना चिकटवण्याची फॅशन आली तेव्हा वरच्या ओळीतल्या उकारावर खालच्या ओळीतली वेलांटी चढू लागली. केस-बारीक अक्षरे पडद्यावर देखणी दिसली आणि वर्तमानपत्रात त्यांची शिरोरेषाच नाहीशी झाली. ‘सगळी कॅपिटल’ हा प्रकार तर आपल्याकडे मुळातच नाही. त्याऐवजी अक्षर जाड करणे, एवढाच पर्याय उरतो.

अॅपलने जून 2025 मध्ये ‘लिक्विड ग्लास’ ही पडद्यावरची काचेसारखी दृश्यशैली जाहीर केल्यापासून पारदर्शक काचेचा थर पुन्हा प्रत्येक यादीत आहे. सांगलीत त्याची परीक्षा हळदीच्या पाकिटावर होते. सांगलीच्या हळदीला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि त्यानंतर पाकीट नव्याने करून मागणारे व्यापारी वाढले. असेच एक पाकीट मी काचेच्या थरासह केले होते. पडद्यावर हळदीच्या ढिगावर धुक्यासारखी काच सुरेख दिसत होती. पाकिटाच्या फिल्मवर प्रत्येक रंगाचा वेगळा कोरलेला सिलिंडर चालतो, आणि अगदी फिकट छटांचे बारीक ठिपके तिथे नीट उतरत नाहीत. काचेच्या राखाडी छटेतला काळा रंग पिवळ्यात मिसळला आणि हळद चक्क शेवाळी दिसू लागली. व्यापाऱ्याने नमुना उजेडाकडे धरून एवढेच विचारले, “माल जुना आहे का?” शेवटी काच काढून टाकली, पिवळ्यामागे पूर्ण पांढरा थर दिला आणि पारदर्शकपणा हवाच होता म्हणून फिल्मची एक खिडकी मोकळी सोडली, जिच्यातून खरी हळद दिसते.

2022 पासून शब्दांवरून चित्र तयार करणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने सर्वांच्या हाती आली. सुरुवातीच्या त्या चित्रांत मराठी पाटी म्हटली की देवनागरीसारखी दिसणारी, पण कुणालाच वाचता न येणारी नक्षी उमटे. पुढे सुधारणा झाली तरी जोडाक्षर तपासल्याशिवाय ते चित्र छपाईला सोडता येत नाही. याच यंत्रचित्रांचा कंटाळा आल्यामुळे असावे, पण हाताने काढलेली, किंचित ओबडधोबड अक्षरे येत्या काळातला ट्रेंड म्हणून सांगितली जात आहेत. ज्या पेंटरच्या पाट्या फ्लेक्सने उतरवल्या त्यांचीच सावलीची अक्षरे आता रेट्रो म्हणून मागितली जातात.

आमच्याकडे नवा फॉन्ट किंवा नवा परिणाम आला की त्यात आधी ‘श्री सिद्धिविनायक कृषी भांडार, हळद व बेदाण्याचे व्यापारी’ एवढी ओळ लिहून पाहिली जाते. तिच्यात द्ध आहे, कृ आहे, पहिली-दुसरी वेलांटी आहे आणि श्री आहे. ती ओळ मग फ्लेक्सच्या उरलेल्या तुकड्यावर आणि वर्तमानपत्राच्या कागदावर अशी दोनदा छापून घेतली जाते, आणि हे दोन्ही तुकडे घेऊन मी रस्त्यापलीकडे जाऊन उभा राहतो.